हलगी, घंटा, काहील आणि फुकटातली सॉफ्टवेअरं

नाटकवाल्या पोरांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, दादा ॲम्बियन्स करायला कुठलं सॉफ्टवेअर टाकू, आणि माझं उत्तर पण ठरलेलं, आधी सांग तुझ्याकडं आवाज कसला आहे. मग तिकडं जरा शांतता. कारण बहुतेकांनी आवाज अजून घेतलेलाच नसतो, यूट्यूबवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून चार प्लगइनची, म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरच्या आत जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरांची, नावं तेवढी पाठ झालेली असतात, आणि त्यातलं एखादं तर असं महाग असतंय की तेवढ्या पैशात एकांकिकेचा अख्खा सेट उभा राहील. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू, पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

हे एका कामापुरतंच लिहितोय हां. बाहेर जाऊन घेतलेला छोटा आवाज, दहा-वीस सेकंदांचा, त्याला ताणून, फोडून, पसरून त्याचं पाच-दहा मिनिटांचं वातावरण करायचं, असं की प्रेक्षकाचं त्याच्याकडं लक्ष जात नाही पण बंद केलं की काहीतरी गेल्यासारखं वाटतं. गाणी, बीट, मिरवणुकीचे मिक्स हा विषय वेगळा, त्यातले उस्ताद कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत.

माझ्याकडं हे आलं गुऱ्हाळावरच्या एका एकांकिकेमुळं. डायरेक्टर म्हणाला, मला गुऱ्हाळाचा आवाज नको, तो काय कुठंपण मिळतोय, मला त्या म्हाताऱ्या गुळव्याच्या डोक्यात काय वाजत असेल ते पाहिजे. आता ह्यावर काय बोलणार. पण माणूस बरोबर होता, आणि त्या नादात माझ्याकडं तीन आवाज जमले आणि त्यांनी वेगवेगळी सॉफ्टवेअरं वापरून बघायला लावली. म्हणून सगळं ह्या तीन आवाजांवरूनच सांगतो, नुसत्या फीचरच्या याद्या वाचून डोक्यात काही बसत नाही.

पहिला आवाज हलगी. जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानातली, घुमक्यासकट, मागं लोकांची ओरड. दुसरा, पंचगंगा घाटावरच्या एका लहान देवळातली पितळी घंटा, सकाळी लवकर, एकच टोल आणि तो पूर्ण विरेपर्यंत. तिसरा, गुऱ्हाळातली काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, रस उकळताना. चुलवाणात चिपाडं ढकलली जातायत, भेंडीचं पाणी टाकून वर आलेली मळी काढतायत, आणि रस जसा आटत जातो तसा त्या उकळीचा आवाज बदलतो, आधी पातळ खळखळ, मग जाड जाड बुडबुडे थांबून थांबून फुटायला लागतात, आणि तेवढ्यात गुळव्या चमचाभर पाण्यात टाकून गोळी होतेय का बघतो. त्या शेवटच्या पाच मिनिटांचा आवाज म्हणजे काय सांगू, नाद खुळा.

आता सॉफ्टवेअर. सगळ्यात आधी जे सगळे सुचवतात ते म्हणजे पॉलस्ट्रेच. नास्का ऑक्टाव्हियन पॉल नावाच्या रुमानियन माणसानं केलेलं, फुकट, ओपन सोर्स. त्याचं काम एकच, आवाज ताणणे, आणि थोडाथोडका नाही, दहापट, पन्नासपट, वाटलं तर हजारपट, आणि सूर खाली न उतरवता. ते हे कसं करतं हे दोन मिनिटं समजून घ्या, कारण इथंच ठरतं की तुमच्या आवाजाला ते चालणार का नाही. ते आवाजाचा एक तुकडा घेतं, त्यात कुठकुठल्या फ्रिक्वेन्सी किती जोरात आहेत ते एफएफटी नावाच्या गणितानं मोजतं, मग त्यांची आपसातली वेळेची जुळणी, म्हणजे फेज, मुद्दाम विस्कटून टाकतं आणि तसले तुकडे एकमेकांवर चढवत पुढं सरकतं. आता ठोका म्हणजे काय, तर ढीगभर फ्रिक्वेन्सी एकाच क्षणी हजर होणं. ती जुळणीच विस्कटली की ठोका गेला. उरतो तो फक्त त्या क्षणाचा रंग, लांबच्या लांब पसरलेला.

म्हणून घंटेला पॉलस्ट्रेच म्हणजे काटा किर्र. टोल पडला की पुढचं सगळं सुरांचंच असतं, आणि घंटेतले सूर हार्मोनियमसारखे सरळ पटीत नसतात, आडवेतिडवे असतात, म्हणून तो एक टोल वीसपट ताणला की आपोआप एक विचित्र कॉर्ड उभी राहते जी कुठल्याच रागात बसत नाही तरी कानाला टोचत नाही. इथं एक सेटिंग महत्त्वाचं आहे, विंडोची लांबी, म्हणजे तो तुकडा किती लांब घ्यायचा ते, ऑडॅसिटी ह्या आवाज कापाजोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला टाइम रेझोल्यूशन म्हणतात आणि ते सुरुवातीला 0.25 सेकंदांवर असतं. घंटेत दोन सूर अगदी जवळजवळ असले की जी थरथर ऐकू येते ना, वॉव वॉव अशी, ती विंडो छोटी ठेवली तर लांबते, म्हणजे हळू हळू श्वास घेतल्यासारखी होते, आणि विंडो मोठी केली, सेकंदभर वगैरे, तर ती थरथर विरघळून नुसती चकाकी राहते. मला छोटी विंडो आवडते. पण झोप, स्वप्न, भूतकाळ असले सीन असतील तर मोठी.

हे पॉलस्ट्रेच वापरायचे दोन रस्ते. एक म्हणजे ऑडॅसिटी, जे बहुतेकांकडं आधीच असतं, त्यात इफेक्टच्या मेन्यूत ते आहेच, वेगळं काही टाकायला नको. अडचण एवढीच की आकडा घाला, अप्लाय करा, थांबा, ऐका, नाही आवडलं तर अंडू, परत आकडा. दुसरा रस्ता पॉलएक्सस्ट्रेच, त्याच कल्पनेवरचं पण वाजत असताना नॉब फिरवता येतो. विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडं चालतं, आयफोन-आयपॅडवर पण आहे, आणि तेही फुकट. वर त्यात ताणलेल्या आवाजावरच काम करायचे बरेच डबे आहेत, फक्त सूर ठेव आणि खरखर काढ किंवा उलटं, ऑक्टेव्ह म्हणजे सप्तक खाली-वर मिसळ, पसरव, गाळ. कुणी मला एकच नाव विचारलं आणि आवाज सुरेल असला, घंटा, बासरी, आजीचं गाणं, रेल्वेचा हॉर्न, तर मी डोळे झाकून पॉलएक्सस्ट्रेच सांगतो. वाजवत वाजवत शोधणं आणि आकडे घालून शोधणं ह्यात लय फरक आहे, कान दमत नाही.

काहिलीचं मात्र काय झालं, मोठ्या आशेनं ती उकळी पॉलएक्सस्ट्रेचमध्ये टाकली, तीसपट, आणि बाहेर आलं काय तर नुसतं शूऽऽऽ. पावसाचा आवाज टाका, नळाचा टाका, टाळ्यांचा टाका, हेच येणार. कारण साधं आहे, ज्या आवाजात मुळात सूर नाही, सगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळून खरखरच आहे, तो कितीही ताणला तरी खरखरच राहतो, आणि बुडबुड्याचा जो फटका होता, जो त्या आवाजाचा जीव होता, तो तर फेज विस्कटल्यावर पहिला गेला. म्हणजे सॉफ्टवेअर भारी असूनही आवाजाला चुकीचं. कुठल्याच रिव्ह्यूत हे लिहिलेलं नसतं, कारण रिव्ह्यूवाले सगळे पियानो नाहीतर गिटार घालून दाखवतात.

इथं कामाला येते ग्रॅन्युलर पद्धत. ही म्हणजे रंकाळ्यावरची भेळ समजा, चुरमुरे-फरसाण तेच, पण मूठ मूठ उचलून कुठल्या क्रमानं कालवाल त्यावर सगळं. आवाजाचे बारीक कण करायचे, साधारण 1 ते 100 मिलिसेकंदांचे, आणि ते एकावर एक, मागंपुढं, सूर बदलून पेरत जायचे. कल्पना जुनी आहे, डेनिस गेबर म्हणून भौतिकशास्त्रज्ञ होते, होलोग्राफीसाठी 1971 चं नोबेल मिळालेले, त्यांनी 1940 च्या दशकातच मांडलं होतं की आवाज असल्या कणांचा बनलेला आहे असं मानता येतं. पुढं क्सेनाकिस, कर्टिस रोड्स, बॅरी ट्रूअ‍ॅक्स अशा संगीतकार मंडळींनी त्याचं संगीत केलं. आता तेच आपल्या जुन्यापान्या लॅपटॉपवर चालतंय.

ग्रॅन्युलरमध्ये कणाच्या आत ठोका शाबूत राहतो, हा मुख्य मुद्दा. बुडबुडा फुटण्याएवढा कण घेतला, 80-100 मिलिसेकंद, दोन ऑक्टेव्ह खाली नेला आणि विरळ पेरला तर काहील एकदम मोठ्या विहिरीत उकळतेय असं वाटायला लागलं. डायरेक्टरला हेच पाहिजे होतं. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, हां, हाच म्हातारा.

ह्यासाठी माझं पहिलं नाव सर्ज एक्सटी. म्हणाल तो तर सिंथ, म्हणजे स्वतःच आवाज तयार करणारं वाद्य आहे. आहे, पण त्याच्याबरोबर सर्ज एक्सटी इफेक्ट्स म्हणून वेगळं प्लगइन येतं ज्यात बाहेरचा आवाज घालता येतो, आणि त्यात निंबस नावाचा इफेक्ट आहे. हा निंबस म्हणजे म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सचं क्लाउड्स नावाचं जे हार्डवेअर मॉड्यूल होतं त्याचाच अवतार. एमिली जिले ह्या बाईनं ते केलं आणि त्याचा कोड उघडा ठेवला, म्हणून आज ते इतक्या ठिकाणी भेटतं. व्हीसीव्ही रॅक ह्या, पडद्यावर वायरी जोडून वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पण तेच टेक्श्चर सिंथेसायझर ह्या नावानं बसलेलं आहे. निंबसमध्ये नॉब मोजके, पोझिशन, साइझ, पिच, डेन्सिटी, टेक्श्चर, आणि फ्रीझ. डेन्सिटीचं, म्हणजे कण किती दाट पडतात त्याचं, एक लक्षात ठेवा, मध्यावर ठेवली की कण पडतच नाहीत आणि माणूस म्हणतो बिघडलंय, एका बाजूला फिरवली की नियमित पडतात, दुसऱ्या बाजूला वाटेल तसे. वातावरणाला वाटेल तसे हीच बाजू. आणि फ्रीझ दाबलं की आत आलेला आवाज तिथंच धरून ठेवतो आणि त्यातलेच कण उपसत बसतो, दिवसभर.

हलगी पण इथंच खुलली. पॉलस्ट्रेचमध्ये तिचा नुसता गडगडाट होत होता, म्हणजे वाईट नव्हता, ढगाळ सीनला चालेल, पण हलगी राहिली नव्हती, कुठल्याही ड्रमचा तसाच होतो. ग्रॅन्युलरमध्ये कातड्याचा तो कडक टणत्कार बारीक बारीक होऊन लांबवर कुठंतरी जत्रा चाललीय असं येतं. मात्र ओरड मधे आली की कणाकणात माणसांचे अर्धे स्वर ऐकू येतात आणि ते भयंकर वाटतं, भुताच्या नाटकाला ठीक आहे, म्हणून ओरड नसलेला तुकडा शोधून कापून घ्या.

व्हीसीव्ही रॅकबद्दल दोन शब्द. फुकट आहे, सुंदर आहे, आणि वेळ खातं. वायरी जोडत बसलं की रात्रीचे दोन वाजतात आणि हाती चार बीप. शिवाय रॅक 2 ची फुकट आवृत्ती स्वतंत्रच चालते, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन म्हणून पाहिजे तर प्रो विकत घ्यावं लागतं. ज्याला डेडलाइन आहे त्यानं लांब राहावं, ज्याला नाही त्यानं खुशाल बुडावं.

सर्जचं प्लगइन चालवायला त्याच्याखाली काहीतरी लागतं. ऑडॅसिटी 3.2 पासून पुढची असेल तर त्यात प्लगइन वाजवतानाच ऐकता येतं, तेवढ्यावर सुरुवात होते. पण मिनिटामिनिटाला डेन्सिटी हळूहळू वाढत जावी, तिसऱ्या मिनिटाला सूर उतरावा, असलं ऑटोमेशन काढायचं तर मी रीपर हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. डाउनलोड छोटं, जुन्या मशीनवर पळतं, 60 दिवस सगळं उघडं वापरायला देतात आणि मग घरगुती किंवा छोट्या धंद्यासाठी लायसन्स 60 डॉलर. फुकट नाही, पण ह्या धंद्यात एवढ्यात एवढं कोणी देत नाही. त्यात ताणायचं स्वतःचं एक मोड पण आहे, नाव रररीईईआआआ असं काहीतरी लिहिलेलं, मला आधी वाटलं टायपो आहे, ते पॉलस्ट्रेचच्याच जातीचं आहे. आणि त्यात रिव्हर्बसाठी, म्हणजे घुमारा द्यायला, जे प्लगइन आहे ना, रीआव्हर्ब, तो खरा खजिना आहे.

का, तर ते कन्व्होल्यूशन करतं, म्हणजे एका आवाजाचा घुमारा दुसऱ्याला चढवतं. साधारण त्यात लोक मोठ्या हॉलची, चर्चची इम्पल्स फाइल घालतात, म्हणजे त्या जागेत एक फटका वाजवून घेतलेला घुमारा, आणि मग आपला आवाज त्या जागेत वाजल्यासारखा होतो. पण तिथं हॉलची फाइल घालायलाच पाहिजे असं कोण म्हणतंय? मी घंटा घातली. म्हणजे काहिलीचा प्रत्येक बुडबुडा घंटेच्या अंगातून घुमून बाहेर. खरखरीला सूर नव्हता ना, तो असा मिळाला, उसना. एवढा एक प्रकार जरी ह्या पोस्टमधून उचलला तरी चालेल: सूर नसलेल्या आवाजाला सूर द्यायचा तर ताणत बसू नका, एखाद्या सुरेल आवाजाशी त्याचं कन्व्होल्यूशन करा, नाहीतर सर्जमधलाच रेझोनेटर, म्हणजे ठरावीक सूरच घुमवणारा इफेक्ट, लावा आणि त्याचे सूर नाटकातल्या गाण्याच्या पट्टीला लावून घ्या.

जागेचा घुमारा साठवून ठेवायचं मात्र खरंच मनावर घ्या. 8 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की त्या जुन्या हॉलमध्ये टाळी कशी वाजायची हे आता कुठून आणायचं. एक फुगा फोडायचा, रेकॉर्डर चालू ठेवायचा, झाली इम्पल्स फाइल, पाच मिनिटांचं काम. आता मी शाळेचा जुना जिना असो, वाड्याचा सोपा असो, फुगे खिशात ठेवतो, बायको हसते.

एफएल स्टुडिओ आणि एबलटन ह्या संगीत करायच्या सॉफ्टवेअरांचं नाव नाही घेतलं तर पोरं ओरडतील. आपल्याकडं गणपतीत डॉल्बीला मिक्स करणाऱ्या प्रत्येकाकडं एफएल असतंय, तर असेल तर वापरा, त्यात फ्रूटी ग्रॅन्युलायझर आहे, बऱ्यापैकी आहे, थोडा जुन्या वळणाचा. नवीन घेणार असाल तर सगळ्यात स्वस्त फ्रूटी एडिशनमध्ये ऑडिओ रेकॉर्डिंग नाही, आपल्या कामाला निदान प्रोड्युसर लागतं. एकदा घेतलं की पुढचे अपडेट मात्र कायमचे फुकट, हे त्यांचं मानायला पाहिजे. एबलटन लाइव्हमध्ये वार्पचं, म्हणजे आवाज ताणायच्या सोयीचं, टेक्श्चर मोड ग्रॅन्युलरच आहे, ग्रेन साइझ आणि फ्लक्स दोनच नॉब, झटपट कामाला मस्त. आणि रॉबर्ट हेन्के, म्हणजे एबलटन उभं करणाऱ्यांपैकीच एक, त्यांचा ग्रॅन्युलेटर म्हणून जो प्रकार आहे तो मी मित्राच्या मशीनवर वाजवलाय आणि आवाजाच्या बाबतीत तो सगळ्यांचा बाप आहे. पण त्याला मॅक्स फॉर लाइव्ह ही जोडणी लागते, म्हणजे व्यवहारात एबलटनची सगळ्यात महाग सूट एडिशन. एकांकिकेच्या बजेटमध्ये सूट बसवायची असेल तर लाइट आणि मेकअप दोन्ही सोडावे लागतील.

आणि क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी, टाकू नका. नैतिकता वगैरे तुमची तुम्ही बघा, मी व्यवहाराचं सांगतो, वर जी नावं घेतली त्यातली निम्मी कायदेशीर फुकट आहेत, मग अँटिव्हायरस बंद करून कुठल्यातरी झिप फाइलला घरात कशाला घ्यायचं.

रिव्हर्बला वालहाला सुपरमॅसिव्ह, फुकट, 2020 मध्ये आलं, आणि तेव्हापासून जगातलं अर्धं ॲम्बियंट एकसारखं वाजायला लागलंय. वापरा, पण मिक्सचा नॉब अर्ध्यावर जाऊ देऊ नका, नाहीतर हलगी काय आणि घंटा काय, सगळं एकाच धुक्यात.

आता सॉफ्टवेअरच्या आधीची गोष्ट, जी खरं म्हणजे निम्मं काम आहे. व्हॉट्सॲपवर आलेली ऑडिओ ताणू नका. एकानं मला आज्जीच्या ओव्या पाठवल्या, ऐकायला ठीक होत्या, दहापट ताणल्यावर मागं सगळीकडं बुडबुड-चिरचिर, कारण फाइल दाबताना जे काही फेकून दिलेलं असतं ते ताणल्यावर भोकासकट मोठं होऊन दिसतं. पाठवायचीच असेल तर ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग फाइल आहे तशी येते. फोनवर रेकॉर्ड करताना डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेली फाइल, देणारं ॲप बघा आणि ऑटो गेन, नॉइज रिडक्शन बंद करता येतंय का बघा, नाहीतर हलगीचा ठोका पडला की फोन घाबरून आवाज खाली ओढतो आणि मग हळूहळू वर आणतो, आणि तो ओढाताणीचा आवाज कणाकणात उतरतो.

सूर खाली उतरवायचा बेत असेल तर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो, तो पण बघावा लागतो. 48 किलोहर्ट्झवर घेतलेल्या आवाजात जास्तीत जास्त 24 किलोहर्ट्झपर्यंतच मसाला असतो, एक सप्तक खाली नेला की तो 12 वर आला, दोन सप्तकं नेला की 6 वर, म्हणजे वरचा उजेड संपला, सगळं कोंदट. 96 वर घेतलं आणि माइक तेवढा वर ऐकणारा असला तर खाली नेल्यावरही चमक राहते. म्हणून हातात काही पैसे असले आणि विचाराल की कुठलं प्लगइन घेऊ, तर मी म्हणेन कुठलंच नको, छोटा रेकॉर्डर घे. आता 32 बिट फ्लोटवाले पण परवडणाऱ्यात आलेत, झूमचा एच1 इसेन्शियल वगैरे, त्यात हलगी कानाशी वाजली तरी आवाज फाटलेला नंतर खाली आणता येतो. आणि वाऱ्याला केसाळ टोपी, रंकाळ्यावर संध्याकाळी त्याच्याशिवाय उभं पण राहू नका.

अजून एक, विजेची गुणगुण. गुऱ्हाळात चरक मोटारीवर, बाजूला ट्यूबलाइट, सगळीकडं 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले 100, 150. साध्या ऐकण्यात जाणवत नाही, पण पॉलस्ट्रेचला असला स्थिर सूर लय आवडतो, ताणलं की तोच वर येऊन बसतो. गंमत म्हणजे 50 हर्ट्झ हा जवळजवळ पांढरी पाचचा सूर आहे, अर्ध्या सुराच्या एक तृतीयांश वर म्हणा, सेंटमध्ये, म्हणजे अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागात, मोजलं तर 35 सेंट चढा. म्हणजे नाटकात हार्मोनियम पांढरी पाचवर असेल तर हा ड्रोन, म्हणजे सतत वाजणारा सूर, थोडासा वर राहून अख्खा सीन बेसूर वाटायला लावतो आणि कुणाला कळत नाही काय चुकतंय. एकतर नॉच फिल्टरनं, म्हणजे एकच फ्रिक्वेन्सी काढणाऱ्या गाळणीनं, 50, 100, 150 कापा, नाहीतर सगळा आवाज 35 सेंट उतरवून गुणगुणीलाच तानपुऱ्याचं काम द्या. मी दुसरं करतो, फुकटचा तानपुरा.

सगळं तयार झाल्यावर लूपचा प्रश्न येतो, कारण नट संवाद विसरला की सीन लांबतो. एकच लूप फिरवला तर तिसऱ्या फेरीला प्रेक्षकाला कळतं. दोन थर करा आणि लांब्या एकमेकांत न बसणाऱ्या ठेवा, समजा घंटेचा थर 47 सेकंदांचा आणि काहिलीचा 71 सेकंदांचा, तर दोन्ही परत एकदम सुरुवातीला भेटायला 3337 सेकंद लागतात, म्हणजे 55 मिनिटं 37 सेकंद. तोवर एकांकिका संपून परीक्षक चहा पीत असतात. जोडाच्या ठिकाणी दोन-तीन सेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे शेवट हळू मिटताना सुरुवात हळू वर येते.

आणि हेडफोनवर खूश होऊन थांबू नका. तालुक्याच्या ठिकाणी जत्रेच्या मंडपात प्रयोग असला की बऱ्याचदा नुसते कर्णे असतात, त्यातून खालचे सूर येतच नाहीत, तुमची ती दोन सप्तकं उतरवलेली काहील तिथं शून्य. उलट शहरात कुणी हौसेनं डॉल्बीच्या पेट्या लावल्या तर त्याच काहिलीनं खुर्च्या थरथरतात आणि संवाद मरतात. म्हणून मी प्रत्येक थराच्या दोन फाइल काढतो, एक पूर्ण, एक 150 हर्ट्झच्या खालचं कापून वरचा भाग जरा उचललेली, हॉलवर गेल्यावर काय आहे ते बघून ठरवायचं. ऑपरेटरला पेन ड्राइव्ह देताना 24 बिट डब्ल्यूएव्ही ठेवाच, पण साइझ बघा, 48 किलोहर्ट्झ स्टिरिओला मिनिटाला सतरा एमबीच्या वर जातं, आणि शेजारी 16 बिटची एक कॉपी आणि 320 केबीपीएसची एमपी3 पण टाका, कारण भाड्याच्या मिक्सरवर जे यूएसबीचं भोक असतं त्यातले काही एमपी3 सोडून दुसरं काही ओळखतच नाहीत, आणि हे कळतं ते पडदा उघडायच्या दहा मिनिटं आधी.